आमची वाटचाल : लकडगंजातल्या शेडपासून

नागपूरच्या लकडगंजात भाड्याच्या शेडमध्ये मी आणि मिस्त्री, दोघांनीच सुरुवात केली, तेव्हा फक्त स्पीकरचे स्टँड बनवायचो, गाणं ऐकायच्या खोलीचं बाकीचं काम नंतर. मिस्त्रींचा रंधा आजपण माझ्याजवळ आहे, मूठ त्यांच्या अंगठ्याने झिजून खोलगट झालेली. आलापल्लीच्या सागावर तो चालला की सलग लांब ढलपी निघायची, तसा हात मी परत पाह्यला नाही.

पहिलं मोठं काम धंतोलीच्या काकांचं. खाली कोटा फरशी, भिंती मोकळ्या, टाळी वाजवली की टर्रर्र आवाज फिरायचा, स्पीकर शोकेसमध्ये कोंबलेले आणि सोफा मागच्या भिंतीला चिकटून. बेस, म्हणजे खालचे जाड सूर, भिंतीजवळच सगळ्यात जास्त साचतो राजेहो, मग डग्गा घुमणार नाही तर काय! आम्ही स्पीकर बाहेर काढले, सोफा 3 फूट पुढे घेतला, मागे पुस्तकांचं कपाट, आवाज विखुरावा म्हणून पुस्तकं मुद्दाम मागेपुढे, खाली जाड सतरंजी. काकांनी तीच जुनी रेकॉर्ड लावली आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

लॉकडाऊनच्या आदल्या वर्षी मात्र बुडता बुडता वाचलो. एका गिऱ्हाइकाची 12 बाय 12 फुटांची चौकोनी खोली, लांबी-रुंदी सारखी म्हणजे 47 हर्ट्झच्या आसपास दोन्हीकडचा बेस एकावर एक चढतो, हे मी आधीच सांगितलं होतं. सोफ्याची जागा बदला म्हटलं, कोपऱ्यांत जाड रॉकवूल, म्हणजे आवाज शोषणारी दगडी लोकर, भरा म्हटलं. पण शहरातल्याच दुसऱ्या एका दुकानदाराने त्यांना चारी भिंतींना इंचभर फोम लावून दिला. पातळ फोम फक्त वरचे सूर खातो, बेस तसाच राहतो, त्यामुळे गाणं पार मेलं, आणि त्याने खापर फोडलं आम्ही बनवून दिलेल्या लाकडी युनिटवर, म्हणे प्लाय हलका वापरला. 19 एमएमचा प्लाय होता भाऊ, मी स्वतः मोजून घेतलेला! पेमेंट अडकलं, लाकूडवाल्याची उधारी अंगावर, लाकूड कोरायचं राऊटर मशीन विकावं लागलं. ते पैसे आजपण नाही आले. तेव्हा काकांनी गरज नसताना रॅकची ऑर्डर दिली, पूर्ण अ‍ॅडव्हान्स देऊन, आणि त्यांच्या बैठकीतले चार जण आमच्याकडे पाठवले.

नंतरची वर्षं बरी गेली.

एक सांगून ठेवतो, अ‍ॅम्प्लिफायर बदलायच्या आधी समोरचा काचेचा टीपॉय हटवून पाहा, त्याच्यावरून उसळलेला आवाज मूळ आवाजात मिसळतो आणि गायकाचा गळा धूसर होतो. डोक्याच्या वर जाणारी रेक्झिनची रिक्लायनरची पाठही तेच करते, कानामागूनच आवाज परत येतो. पाठ खांद्यापर्यंतच ठेवा, कापडाची.

मागच्या महिन्यात काकांच्या सोफ्याचा फोम बदलायला गेलो. सोफा उचलला तर फरशीवर चारी पायांच्या जागी पांढऱ्या रंगाचे ठिपके, झाडूपोछा करणाऱ्या मावशींनी सोफा परत बरोबर तिथेच ठेवावा म्हणून काकांनी स्वतः लावलेले.