नवीन हॉटेल येतंय म्हणे, पण उघडणार कधी?

गेल्या आठवड्यात परत तसला एक मेल आला. अमुक शहरात एवढ्या खोल्यांचं कन्व्हेन्शन हॉटेल (म्हणजे मोठ्या परिषदा भरवता येतील असं) येतंय, बॉलरूम एवढी मोठी, गच्चीवर बाग, आणि सोबत कॉम्प्युटरवर काढलेली ती चित्रं, ज्यात सगळी माणसं हसत असतात आणि लॉबीत एकाच्याही हातात बॅग नसते. मी कॉन्फरन्स आणि मोठ्या मीटिंगा प्लॅन करायचं काम करते, त्यामुळे असे मेल रोजचेच. आधी मी खोल्या किती आणि चौरस फूट किती हे बघून फोल्डरात टाकून ठेवायचे. आता सरळ खाली जाते आणि उघडायची तारीख शोधते. ती "वर्षाच्या अखेरीस" अशी गोलमाल असेल तर बाकीचं नंतर वाचू म्हणून बंद करते.

का, तर लास व्हेगासचं फाँटनब्लो बघा. काम सुरू झालं २००७ मध्ये, २००९ मध्ये प्रकल्पाचं दिवाळं निघालं आणि तो निळ्या काचांचा टॉवर वर्षानुवर्षं नुसता उभा होता, मालक बदलत गेले, खोल्या काय उघडेनात. शेवटी १३ डिसेंबर २०२३ ला उघडलं, ३,६४४ खोल्यांचं. तोवर जवळच्या कन्व्हेन्शन सेंटरने आपला १४ लाख चौरस फुटांचा वेस्ट हॉल बांधून जून २०२१ मध्ये चालूसुद्धा केला होता, काँक्रीटवाल्यांच्या प्रदर्शनाने. म्हणजे हॉल तयार आणि त्याच्या जवळचं हॉटेल अजून कुलपात, असं अडीच वर्षं. हे टोकाचं उदाहरण आहे मान्य, पण सहा-आठ महिने उशीर ही तर आमच्या धंद्यात बातमीच नाही.

आणि वेळेवर उघडलं तरी काही सांगता येत नाही. पोर्टलंडला कन्व्हेन्शन सेंटरच्या समोर ६०० खोल्यांचं हयात रीजन्सी डिसेंबर २०१९ मध्ये उघडलं. पुढच्या मार्चमध्ये काय झालं ते आपल्याला माहितीच आहे.

उलट बाजूची बातमी मात्र कुणी रंगीत चित्रं जोडून पाठवत नाही, ती आपणच शोधायची असते. टेक्सासमधल्या ऑस्टिनचं कन्व्हेन्शन सेंटर एप्रिल २०२५ मध्ये बंद झालं, पाडून नवीन बांधतायत, खर्च साधारण १६० कोटी डॉलर आणि उघडायचं उद्दिष्ट २०२९. आजूबाजूची हॉटेलं तिथेच आहेत, खोल्या तशाच आहेत, फक्त मधला हॉल गायब. साउथ बाय साउथवेस्टसारख्या संगीत, सिनेमा आणि टेक्नॉलॉजीच्या प्रचंड मोठ्या इव्हेंटलाही २०२६ साठी सेंटरशिवाय, डाउनटाउनभर पसरून सगळं मांडावं लागलं, आणि दिवसही कमी केले. आता तुम्ही म्हणाल मग डॅलसला जा की. तर डॅलसवालेही आपलं सेंटर नव्याने बांधायच्या मागे आहेत आणि त्यांचंही उद्दिष्ट २०२९ च! एकाच राज्यातली दोन मोठी शहरं एकदमच खोदकामात, त्यामुळे मधल्या वर्षांत त्या भागातल्या बाकीच्या जागांचे भाव आणि तारखा दोन्ही आवळले जाणार हे कळायला ज्योतिषी लागत नाही.

म्हणून माझं आता असं झालंय की एखाद्या भागात काय नवीन येतंय यापेक्षा त्याच भागात काय बंद होतंय हे आधी बघते. बरेचदा निर्णय त्यावरच होतो.

आता जागांचे प्रकार. एक म्हणजे सगळं एकाच छपराखाली. सॅन डिएगोच्या दक्षिणेला चुला व्हिस्टात गेलॉर्ड पॅसिफिक मे २०२५ मध्ये उघडलं, १,६०० खोल्या आणि ४ लाख ७७ हजार चौरस फूट मीटिंगची जागा. हॉल, खोल्या, जेवण, एकच कॉन्ट्रॅक्ट, एकच माणूस फोनवर. मला हा प्रकार मनापासून आवडतो आणि तेवढीच त्याची भीतीपण वाटते, कारण त्या एका इमारतीला काही झालं तर तुमच्याकडे काहीच उरत नाही. नॅशव्हिलचं गेलॉर्ड ऑप्रीलँड मे २०१० मध्ये पुरात गेलं, नदीचं पाणी आत शिरलं, पाहुण्यांना रातोरात शाळेत हलवलं आणि हॉटेल परत उघडायला नोव्हेंबर उजाडला. मधल्या महिन्यांत ज्यांच्या कॉन्फरन्स होत्या त्या प्लॅनर लोकांचं काय झालं असेल याचा विचार करूनच पोटात गोळा येतो.

शहरातलं कन्व्हेन्शन सेंटर आणि भोवती पाच-सहा हॉटेलं असा प्रकार असेल तर हा धोका वाटला जातो, पण मग चालणं आलं. नकाशावर "दहा मिनिटं" लिहिलेलं असतं ते दरवाजापासून दरवाजापर्यंत, आतलं अंतर कुणी धरतच नाही. व्हेगासच्या त्याच सेंटरमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला पंचवीसेक मिनिटं लागायची, म्हणून तर त्यांनी जमिनीखाली बोगदे खणून त्यात गाड्या सोडल्या. दिल्लीच्या यशोभूमीत हे बरं केलंय, सप्टेंबर २०२३ मध्ये सेंटरचं उद्घाटन झालं त्याच दिवशी तिथलं मेट्रो स्टेशनही चालू झालं. असलं काही दिसलं की मी गच्चीवरची बाग वगैरे सगळं माफ करते.

आता माझी स्वतःची फजिती सांगते, नाव नाही सांगत. एका नव्याकोऱ्या हॉटेलात दोन वर्षं आधी ३०० लोकांची कॉन्फरन्स बुक केली होती, तेव्हा तिथे नुसता खड्डा होता. सेल्सवाल्या बाई म्हणाल्या तुमच्या तारखेच्या चार महिने आधी आपण उघडतोय, काळजीच नको. उघडलं तीन आठवडे आधी! आम्ही पोचलो तर चारपैकी दोन लिफ्ट चालू, रंगाचा वास, आणि रजिस्ट्रेशन डेस्कपासून वीस पावलांवर एक माणूस शांतपणे टाइल कापतोय. दोन खोल्यांच्या मधली सरकती भिंत होती ती अर्धवट बसवलेली, त्यामुळे शेजारच्या ब्रेकआउटमधले (म्हणजे छोट्या गटाच्या सत्रातले) लोक टाळ्या वाजवायला लागले की आमच्याकडचा वक्ता बिचारा खूश व्हायचा. आणि दुसऱ्या दिवशी मुख्य भाषणाच्या ऐन मध्यात फायर अलार्मची चाचणी. मॅनेजर आला, खूप वेळा सॉरी म्हणाला आणि भरपाई म्हणून आम्हाला एक कॉफी ब्रेक फुकट दिला. कॉन्ट्रॅक्ट उघडून बघितलं तर त्यात बांधकामाबद्दल अवाक्षर नव्हतं, त्यामुळे भांडायला जागाच नव्हती, चूक माझीच.

तेव्हापासून नव्या किंवा रिनोव्हेशन चालू असलेल्या जागेच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये मी एक परिच्छेद घालायलाच लावते. कार्यक्रमाच्या इतके दिवस आधी इमारत पूर्ण चालू नसेल तर आम्ही दंड न भरता बाहेर पडणार आणि दुसरी जागा शोधायचा फरक तुम्ही द्यायचा, आमच्या दिवसांत आमच्या मजल्यावर आणि वरच्या-खालच्या मजल्यावर काम बंद, आणि मधे रिनोव्हेशन ठरलं तर लेखी कळवायचं. पहिल्यांदा सगळे नाही म्हणतात. मग देतात, कारण उघडायच्या आधीच्या त्या काळात त्यांना बुकिंगची आपल्यापेक्षा जास्त गरज असते, हे विसरायचं नाही.

अॅट्रिशनचंपण (म्हणजे हमी दिल्यापेक्षा कमी खोल्या भरल्या तर द्यायचे पैसे) तेच. समजा ४०० खोल्या तीन रात्री, म्हणजे १,२०० रूम नाइट्स, ८० टक्क्यांची हमी दिली की ९६० भरल्याच पाहिजेत. प्रत्यक्षात ८५० झाल्या तर उरलेल्या ११० चे पैसे तुमच्या माथी. नव्या हॉटेलला लोक बिचकतात, आधी कुणी राहिलेलं नसतं, रिव्ह्यू नसतात, म्हणून मी तिथे हमी खाली आणते आणि आम्ही सोडलेल्या खोल्या त्यांनी दुसऱ्या कुणाला विकल्या तर त्या आमच्या हिशोबातून वजा, हेही लिहून घेते.

चौरस फुटांबद्दल फार लिहीत नाही. हजार माणसं बसतात म्हणजे नुसत्या खुर्च्या मांडून बसतात, त्यात स्टेज, स्क्रीन, साउंडवाल्यांचं टेबल आणि मधली वाट धरली की सातशे म्हणा. छताची उंची आणि ट्रक कुठपर्यंत येतो हे विचारा, बाकी चालतं.

तर तो गेल्या आठवड्यातला मेल. मी उत्तर पाठवलंय, बाग छान आहे, पण आमच्या तारखेला किती लिफ्ट चालू असतील तेवढं लेखी कळवा. अजून काही आलेलं नाही.