आर्मर १८० असताना मेलो कसा: फॉलआउट ४ सर्व्हायव्हलची वही

मंडळी, फॉलआउट ४ हा अणुयुद्धानंतरच्या जगातला व्हिडिओ गेम, आणि सर्व्हायव्हल ही त्यातली सगळ्यात कठीण पातळी. मागच्या नोंदीत मी छाती फुगवून लिहिलं होतं की आता रेडर म्हणजे लुटारू लोकांना घाबरायचं कारण उरलं नाही. तो शब्द परत घेतो.

रविवारी रात्री पिप-बॉयमध्ये (गेममधला मनगटी संगणक) डॅमेज रेझिस्टन्स, म्हणजे आर्मरने मार अडवण्याचा आकडा, १८० दिसत होता. पोट भरलेलं, तहान नाही, खिशात सहा स्टिमपॅक (जखम भरणारी इंजेक्शनं). छपरावरच्या एका रेडरने मिसाइल सोडलं आणि मी थेट लोडिंग स्क्रीनवर. शेवटची झोप पाऊण तासापूर्वीची. सर्व्हायव्हल खेळणाऱ्यांना त्या पाऊण तासाचं दुःख वेगळं सांगायला नको. इथे सेव्ह म्हणजे झोप, आणि झोपायला आधी पलंग सापडला पाहिजे.

त्याच रात्री परत तिथवर पोचलो आणि लाईट गेली. आमच्या सिडकोत पावसाआधीचा वारा सुटला की लाईट जाणं ही काही बातमी नाही. पण एका दुकानातून 'वीस मिनिटं आरामात चालतो' असं सांगून गळ्यात मारलेला जुना यूपीएस चाळीस सेकंद टिटिट करून गप्प बसला. गेममधून नीट बाहेर पडलं तर एक्झिट सेव्ह मिळतो, पुढच्या वेळी तिथूनच सुरू करता येतं. पण मेनूपर्यंत पोचायला तरी वीज हवी ना! असो. अंधारात बसून वही काढली, ते एक बरं झालं.

मावसभाऊ अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे. दिवसभर व्हर्नियर आणि गेज हातात, त्यामुळे बोलतोही तसाच. त्याला फोनवर रडगाणं सांगितलं तर पहिलाच प्रश्न, "दादा, तू त्या १८० ला टक्के समजतोयस का?"

मी म्हटलं, "टक्के नाही, पण जास्त म्हणजे चांगलं एवढं तर खरं?"

"किती जास्त, कुणासमोर जास्त, ते आधी सांग."

तर सगळी मेख इथे आहे, आणि हे मला २०१५ पासून कळलं नव्हतं याची थोडी लाज वाटते. फॉलआउट ४ मध्ये आर्मरचा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. तो येणाऱ्या फटक्याशी तोलला जातो. खेळाडूंनी काढलेलं सूत्र असं: फटक्याला ०.१५ ने गुणायचं, रेझिस्टन्सने भागायचं, आलेल्या उत्तराचा ०.३६५ वा घात काढायचा. तेवढा हिस्सा तुमच्या अंगात जातो. कमाल ९९ टक्के. घात बघून घाबरू नका, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर निघतो. एक गोष्ट पाठ करा म्हणजे झालं: फटका आणि आर्मर सारखे असतील तर निम्मं अंगात जातं.

आता वहीतलं गणित. फटका १०० चा धरा. आर्मर १०० असेल तर ५० अंगात. आर्मर २०० केला तर ३९. ३०० केला तर साधारण ३४. म्हणजे पहिल्या शंभराने ५० वाचवले, दुसऱ्या शंभराने ११, आणि तिसऱ्या शंभराने जेमतेम ५. तो तिसरा शंभर मिळवायला मी किती अ‍ॅल्युमिनियमचे डबे आणि किती चिकट टेप गोळा करत फिरलो, ते आठवून अंधारातच हसू आलं.

उलट बाजूही पाहा. तोच १०० चा आर्मर, समोर पाइप पिस्तूलवाला, फटका २० चा. अंगात साडेपाचच्या आसपास जातं, डास चावल्यासारखं. समोर २०० चा फटका असेल तर १२९ जातं. म्हणूनच गल्लीतल्या दहा रेडर लोकांच्या गोळ्या अंगावर घेत मी राजासारखा चालत होतो, आणि एकाच मिसाइलने धुरळा झाला. आर्मर दोन्ही वेळी तोच, समोरचं हत्यार वेगळं.

यातून माझं अजून एक जुनं कोडं सुटलं. माझी लाडकी शॉटगन. पिप-बॉयवर आकडा मोठा, जवळून मारली तरी आर्मरवाला गडी उभाच. कारण तो आकडा सगळ्या छऱ्यांचा मिळून असतो, आणि आर्मरचा हिशोब प्रत्येक छऱ्याशी वेगळा होतो. समजा एकूण ८०, छरे ८, म्हणजे एकेक छरा १० चा. समोरच्याचा आर्मर ४० असेल तर एका छऱ्यातलं ३ जातं, आठांचे मिळून २४. तेच ८० एका गोळीतून आले असते तर जवळपास ५२ गेलं असतं. शॉटगन उघड्या अंगाच्या घूल लोकांसाठी (रेडिएशनने सडलेली माणसं) ठेवा, पत्र्यात गुंडाळलेल्यांसाठी एकच पण वजनदार गोळी. हे माझं मत नाही, भागाकार आहे.

पुढचा घोळ कपड्यांचा. कुठल्या कपड्यावर आर्मरचे तुकडे चढतात आणि कुठल्यावर नाही, हे गेम धड सांगत नाही. व्हॉल्टचा निळा जंपसूट, मिलिटरी फटीग्स (लष्करी गणवेश) यांच्यावर हात, पाय, छाती असे पाचही तुकडे बसतात. हॅझमॅट सूट (रेडिएशन अडवणारा बंद पोशाख) घातला की सगळं उतरतं, टोपीसुद्धा. गेममध्ये रेलरोड नावाची एक गुप्त संघटना आहे. त्यांच्या पाम या रोबोटची कामं केली की त्यांचा कारागीर टिंकर टॉम बॅलिस्टिक वीव्ह, म्हणजे साध्या कपड्याला चिलखत करणारं विणकाम, शिकवतो. साध्या फटीग्सला पाचव्या पातळीचं वीव्ह लावलं तर बॅलिस्टिक (गोळीचा) ११० आणि एनर्जी (लेझरचा) ११०, तेही वर तुकडे चढवायची मुभा ठेवून. वरचं गणित आठवा: पहिले शंभर सगळ्यात मोलाचे. ते इथे एका शर्टात मिळतात. मी हे काम सव्वीसाव्या लेव्हलपर्यंत टाळलं, तुम्ही टाळू नका.

आकडे तीन, हेही विसरायचं नाही. गोळीचा वेगळा, लेझरचा वेगळा, रेडिएशनचा वेगळा. चामड्याचा आर्मर लेझरला बरा आणि गोळीला कच्चा, लोखंडी पत्र्याचा नेमका उलटा. यावर मला आमच्या दिंडोरीच्या मामांचं बोलणं आठवतं. ऑक्टोबर छाटणीनंतर डावण्या रोगाच्या भीतीने द्राक्षबागेत औषध मारणं सुरू असतं. एकदा मी तोंडाला रुमाल बांधून ब्लोअरमागे निघालो तर मामा ओरडले, "अरे, धुळीचा रुमाल औषधाला चालतो होय? हो बाजूला!" त्यांच्या मास्कला गाळणीचे डबे असतात, धुळीचे वेगळे, वाफेचे वेगळे, आणि डबा कधी बदलला ते फवारणीच्या वहीत लिहिलेलं असतं. मी गेममध्ये तोच रुमाल बांधून फिरत होतो. गोळीचा १८०, आणि लेझरचा ६०.

रेडिएशनचा मामला अजून चोरटा. तो एका झटक्यात जीव घेत नाही, जीवाची लांबी कापतो. हेल्थच्या पट्टीवर उजवीकडून लाल रंग सरकत येतो तेवढी जागा स्टिमपॅकनेही भरत नाही. १००० रॅड (रेडिएशनचं माप) झाले की खेळ खलास. रेड-एक्स आधी घ्यायची गोळी, प्रतिकार १०० ने वाढवते. रेडअवे नंतरचं औषध, ३०० रॅड काढतं. सुरुवातीला मी हे दोन्ही उलटेच वापरत होतो. सर्व्हायव्हलमध्ये रेडअवेने प्रतिकारशक्ती उतरते आणि आजार चिकटतो, स्टिमपॅकने तहान लागते. म्हणून शक्यतो डॉक्टर गाठतो, कॅप्स (गेममधले पैसे) गेल्या तरी चालतील. पाण्याचं सोपं आहे: रिकाम्या बाटल्या फेकू नका, हातपंपावर भरा. गढूळ पाण्याच्या तीन बाटल्या चुलीवर उकळल्या की एक शुद्ध.

आता पॉवर आर्मर, म्हणजे आत शिरून चालवायचं यांत्रिक चिलखत. कॉन्कॉर्डच्या म्युझियमच्या छपरावर टी-४५ मिळतो तेव्हा वाटतं, झालं, आता जग आपलं. नंतर कळतं की ती गाडी आहे, कपडा नव्हे. फ्यूजन कोर म्हणजे पेट्रोल. उभं राहिलं तर खर्च नाही, चाललं तर थोडा, धावलं तर टाकीला भोक. आत शिरलं की ताकद थेट ११ होते, उंचावरून पडलं तरी काही होत नाही, पाण्यात मात्र दगडासारखं तळाला. आतल्या कपड्यांचा आकडा तेव्हा धरला जात नाही, त्यामुळे वीव्हचा शर्ट आत घालून दुप्पट संरक्षण मिळेल या भ्रमात राहू नका. मी होतो.

आर्मर घालून झोपता येत नाही, म्हणजे सेव्हही नाही. उतरायचं, झोपायचं, परत चढायचं. उतरताना कोर काढून घ्या. वस्तीवर हल्ला झाला की कोर असलेला आर्मर एखादा गावकरी खुशाल घालून लढायला जातो. माझा एकाने घातला, आणि पायाचा तुकडा मोडून आणून उभा केला. बिचारा वस्ती वाचवायला गेला होता, त्याला काय बोलणार.

आज सकाळी त्या सगळ्या हिशोबाची परीक्षा घेतली: ग्लोइंग सी. नकाशाचा नैऋत्य कोपरा, बॉम्ब पडला ती जागा. सॉमरव्हिल प्लेस या वस्तीत झोपून निघालो. टी-४५, चार कोर, आठ रेडअवे. कोर जास्त घ्यावेसे वाटले, पण सर्व्हायव्हलमध्ये त्यांनाही वजन आहे. पहिली दहा मिनिटं रेडिएशन मोजणारा गायगर काउंटर शांत. मग जमीन फुटली आणि रॅडस्कॉर्पियन, म्हणजे राक्षसी विंचू, बाहेर.

गंमत पाहा. त्याच्या नांगीचा फटका आर्मरने खाल्ला, पण हेल्थ उतरतच राहिली. विषाचा हिशोब चौथाच, आणि पॉवर आर्मरला त्याचं सोयरसुतक नाही. दुसऱ्या विंचवाने डावा हात मोडला. तुकडा इन्व्हेंटरीत जाऊन पडला आणि त्याच क्षणी गायगर कडकड करायला लागला. प्रत्येक तुकडा रेडिएशनचा आपापला वाटा अडवतो, हे त्या आवाजाने शिकवलं. तिथून पुढे मी धावलो, म्हणजे कोर प्यायला सुरुवात. जिथे जायचं होतं त्या व्हर्जिल नावाच्या शास्त्रज्ञाच्या गुहेपर्यंत पोचलो नाही. सॉमरव्हिलला परत आलो तेव्हा पट्टीचा तिसरा भाग लाल होता आणि कोर दीड उरला होता.

संध्याकाळी भावाला आकडे वाचून दाखवले. तो म्हणाला, "दादा, हॅझमॅट घाल ना. रेडिएशनचा १००० आहे त्याला."

"आणि गोळीचा शून्य आहे, विंचू काय तुझ्या ओळखीचे आहेत का?"

"मग विंचवाला जवळ येऊ देऊ नको. एकच पण वजनदार गोळी, तूच लिहिलंयस वहीत."

बरोबर पकडला. पुढची फेरी हॅझमॅट, गॉस रायफल आणि वाकून चालणं. आर्मर सॉमरव्हिलला उभा, कोर माझ्या खिशात. डाव्या हाताला लागणारं स्टील उद्या जमवतो. आणि हो, यूपीएसची बॅटरी बदलून आणली आहे, आज वायर काढून मोजली: सतरा मिनिटं.