मागच्या चाकांवर खिंडीपर्यंत: ऑल-व्हील ड्राइव्हसाठी थांबायचं का?

रस्ता असा: पायथ्यापासून 1,500 मीटरचा चढ, माथ्यावर खिंड आणि पलीकडे तेवढाच उतार. गाडी इलेक्ट्रिक, मोटर एकच, तीही मागच्या चाकांवर. वाटेत ओलं डांबर, सुटी खडी, चिखल आणि शेवटच्या टप्प्यात चाकांखाली दाबून घट्ट झालेला बर्फ लागतो. याच मॉडेलचं दोन मोटरवालं, म्हणजे चारही चाकं ओढणारं (ऑल-व्हील ड्राइव्ह) रूप लवकरच येणार म्हणून ज्यांनी खरेदी लांबणीवर टाकली आहे, त्यांना हा रस्ता बरंच काही सांगतो.

ओल्या डांबराबद्दल फार बोलण्यासारखं नाही. नीट टायर असतील तर तिथे मागची दोन चाकं पुरून उरतात. इंजिनाच्या गाडीत चाक फिरू लागल्यावर ताकद कमी व्हायला वेळ जातो. इथे मोटरचा करंट काही मिलिसेकंदांत कापला जातो, त्यामुळे चाक घसरलंय हे चालवणाऱ्याला कळेपर्यंत सावरलेलंही असतं. शिवाय बॅटरी तळाशी पसरलेली असल्याने वजन पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं असतं. रिकाम्या मागच्या भागाच्या जुन्या रिअर-व्हील गाड्यांचा अनुभव या गाड्यांना लावू नये.

चढाचा हिशेब निघण्याआधीच करून ठेवावा. माणसं आणि सामानासह 2,200 किलोची गाडी 1,500 मीटर वर न्यायला नुसत्या उंचीपोटीच 9 युनिट लागतात, अंतराचा नेहमीचा खर्च वेगळा. उतरताना त्यातली पाच-सहा युनिट परत मिळतात, पण वर पोहोचेपर्यंत ती खिशात नसतात. पायथ्याशी चार्ज ठरवताना परतीची वीज जमेत धरली की शेवटच्या वळणांवर हीटर बंद करायची पाळी येते.

खडीचा टप्पा सुरू झाला की खरा प्रश्न समोर येतो, आणि तो किती चाकं ओढतात हा नसतो. दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा वाढत जातो आणि बॅटरीचं कवच त्यावर घासू लागतं. पोट टेकलं की चाकांवरचा भार कमी होतो, मग चार चाकं ओढणारी असली तरी ती जागेवरच फिरतात. बऱ्याच मॉडेल्समध्ये दोन्ही रूपांचा ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचं पोट आणि जमीन यांतलं अंतर) सारखाच असतो. तुमचा रस्ता असा असेल तर तुम्ही ज्याची वाट पाहताय ते ऑल-व्हील ड्राइव्ह नसून उंच गाडी आहे, आणि ती कदाचित आजही मिळत असेल.

सगळ्यात शिकवणारी जागा खिंडीच्या खाली, आतल्या बाजूला तीव्र चढ असलेल्या उजव्या वळणावर येते. आधी गेलेल्या गाड्यांनी चाकं फिरवून फिरवून तिथला बर्फ काचेसारखा गुळगुळीत केलेला असतो. वळताना आतलं मागचं चाक हलकं होतं आणि फिरायला लागतं. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लुकलुकतो, त्या चाकाचा ब्रेक कटकट आवाज करत लागतो, ताकद बाहेरच्या चाकाकडे जाते आणि गाडी हळूहळू पुढे सरकते. या दोन-तीन सेकंदांत पेडल आणखी दाबायचं नाही आणि सोडायचंही नाही. आहे तिथेच धरायचं. पेडल सोडलं की रीजन (मोटरने वीज परत बॅटरीत भरत गाडीला लावलेला रोध) लागतो, गाडी थांबते, आणि थांबलेली गाडी तिथून पुन्हा उठवणं सगळ्यात अवघड.

आकडे बघा. दाबलेल्या बर्फावर उन्हाळी टायरचा घर्षणांक साधारण 0.2 आणि हिवाळी टायरचा 0.3 धरला, तर मागच्या चाकांची गाडी उन्हाळी टायरवर सुमारे 9 टक्के चढावर उभ्यानं निघू शकते, हिवाळी टायरवर सुमारे 14 टक्के. चारही चाकं ओढणारी गाडी उन्हाळी टायरवरही 18 टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे चढण्यात ऑल-व्हील ड्राइव्ह जिंकतं, हे मान्यच करायला हवं. आता थांबण्याकडे वळा. ताशी 40 किलोमीटरवरून सपाट बर्फावर थांबायला 0.2 ला 31 मीटर लागतात आणि 0.3 ला 21. या दहा मीटरांत दुसरी मोटर काहीच करत नाही, कारण ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. उन्हाळी टायरवरची ऑल-व्हील गाडी माणसाला अशा जागी सहज नेऊन सोडते जिथून खाली उतरताना ती थांबत नाही. म्हणून पहिला खर्च टायरवरच व्हावा: बाजूला तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेलं चिन्ह, चारही टायर एकाच प्रकारचे, नक्षीची खोली 4 मिलिमीटरच्या खाली नाही. हवा थंडीतच तपासा, तापमान 10 अंशांनी उतरलं की साधारण 2 पीएसआय कमी होते.

उतारावर मात्र एकमोटरी गाडीची एक खरी उणीव दिसते. रीजन फक्त मागच्या चाकांवर लागतो. निसरड्यावर पेडल झटक्यात सोडलं तर मागची चाकं धरली जातात आणि शेपूट बाहेर जायला बघते. स्टॅबिलिटी कंट्रोल ते सावरतं, पण तेवढ्यापुरता रीजन काढून घेतं आणि गाडी अचानक मोकळी सुटल्यासारखी वाटते. दोन मोटरच्या गाडीत हाच भार पुढे-मागे वाटला जातो, तिथे ती स्पष्टपणे चांगली आहे. उपाय: माथ्यावरच रीजन सगळ्यात खालच्या पायरीवर आणा, वेग वळणाच्या आधी उतरवा, पेडल सावकाश सोडा. माथ्यावर चार्जर असला तरी बॅटरी पूर्ण भरू नका. भरलेली किंवा गारठलेली बॅटरी वीज परत घेत नाही आणि सगळा उतार साध्या ब्रेकवर येतो. पायथ्याच्या जलद चार्जरवर जाताना नेव्हिगेशनमध्ये तोच मुक्काम टाका. बऱ्याच गाड्या त्यावरूनच बॅटरी आधी गरम करायला घेतात, नाहीतर थंड बॅटरी चार्जरवर निम्म्या वेगानेही वीज घेत नाही.

बर्फासाठी टायरवर चढवायच्या साखळ्या नेणार असाल तर घरूनच मॅन्युअल उघडा. मागून चालणाऱ्या गाडीला त्या मागच्या चाकांना लागतात, पण 20 इंची चाकांवर काही गाड्यांना साखळ्या चालतच नाहीत, कारण चाक आणि सस्पेन्शनमध्ये जागा उरत नाही. 18 इंची चाकं घेतली तर हा प्रश्न बहुधा मिटतो आणि रेंजही वाढते. सोबत फावडं, जाड हातमोजे आणि चाकाखाली घालायच्या दोन पट्ट्या. ओढण्याचा हुक टूलकिटमध्ये आहे ना, हे डोळ्यांनी पाहून घ्या. त्याच्या आधाराने रुतलेली गाडी दोन-चार मीटर बाहेर काढावी, इतकंच. ओढणारी चाकं जमिनीवर ठेवून लांबवर नेलं तर मोटर वीज तयार करत राहते आणि गरम होते, तेव्हा अख्खी गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक, म्हणजे फ्लॅटबेडच बोलवा. रुतल्यावर चाकं फिरवू नका. खालचा बर्फ वितळून पुन्हा गोठतो आणि खड्डा गुळगुळीत होतो. पोटाखालचा बर्फ उपसा, मागे सरकून जागा करा, मग ट्रॅक्शन कंट्रोलचा बर्फासाठीचा मोड लावून हलकेच निघा.

मग थांबायचं कोणी? ज्यांच्या घराच्या रस्त्याचा शेवटचा तुकडा 12 टक्क्यांहून चढा आहे आणि तिथला बर्फ कोणी हटवत नाही, त्यांनी थांबावं. ज्यांना निसरड्यावर ट्रेलर ओढायचा आहे त्यांनीही, कारण काही मॉडेल्समध्ये ओढण्याची परवानगीच दोन मोटरच्या गाडीला जास्त असते. दुसरी मोटर नंतर बसवून घेता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. बाकीच्यांनी दुसऱ्या मोटरची किंमत आधी विचारावी: सुमारे शंभर किलो वजन, रेंजमध्ये पाच ते दहा टक्के घट, आणि अनेकदा सोबत गळ्यात पडणारी मोठी चाकं नि महागडं पॅकेज. पुढची मोटर गरज नसताना वेगळी होते का, हे विक्रेत्याला नक्की विचारा. कायमचुंबकाची मोटर नुसती फिरत राहिली तरी ओढ लावते, क्लचने सुटणारी लावत नाही.

चढ अंदाजाने ठरवू नका. फोनमधलं लेव्हल मोजणारं ॲप रस्त्यावर सपाट फळी ठेवून तिच्यावर लावा: 6 अंश म्हणजे साधारण 10.5 टक्के, 8 अंश म्हणजे 14, 10 अंश म्हणजे 17.6. मोजायचं ते सगळ्यात वाईट वळणाच्या आतल्या कडेला, आणि तेही जिथे समोरून गाडी आल्यावर तुम्हाला थांबावं लागतं त्या जागी. मग चांगल्या टायरची एकमोटरी गाडी चाचणीला मागून तिथेच पूर्ण थांबवा आणि पुन्हा उठवून बघा.