ब्लडबोर्न वही, नोंद ११: एका सर्वनामाने घात केला

ही वही म्हणजे ब्लडबोर्न या व्हिडिओ गेमच्या कथेचे धागे जुळवायचा माझा उद्योग. मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की गेममध्ये सापडणारं ते जुन्या शिकाऱ्याचं हाड मारिया या शिकारी बाईचंच आहे, आता यावर वाद नको. तर लोकहो, वाद आहे, आणि तो मीच उकरून काढलाय.

झालं असं की सातव्या रनमध्ये, म्हणजे गेम सातव्यांदा खेळताना, परवा रात्री शिकाऱ्यांच्या जुन्या वर्कशॉपमध्ये उतरले, म्हणजे त्या टॉवरमधून फळ्यांवरून उड्या मारत खाली, नेहमीसारखी दोनदा पडून मेले ते वेगळं. बाहेरच्या थडग्यापाशी ओल्ड हंटर बोन उचललं आणि सहज, अगदी सहजच, डिस्क्रिप्शन उघडून बघितलं. गरज काहीच नव्हती कारण माझ्या वहीत ते लिहिलेलं आहे आणि मला पाठ आहे: नाव हरवलेल्या जुन्या शिकाऱ्याचं हाड, ती गेरमनची (शिकाऱ्यांचा म्हातारा गुरू) शिष्या होती आणि तिला क्विकनिंगची (सरसर सरकण्याची) कला येत होती असं म्हणतात. आणि स्क्रीनवर काय? 'ही'. एच ई 'ही'. म्हणजे तो. गेरमनचा शिष्य, पुल्लिंगी, धडधडीत.

आधी वाटलं आपला नेहमीचा घोळ झाला असेल, इंग्रजीतला 'ही' म्हणजे आपला 'तो' आणि आपली 'ही' म्हणजे बाई, लिहिताना काहीतरी उलटसुलट झालं असणार. पण नाही. मी वहीचं ते पान काढून बघितलं, पहिल्या रनच्या वेळचं आहे, आणि त्यावर वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात "मारिया??" असं लिहून खाली दोन रेघा मारलेल्या आहेत. म्हणजे डोक्यात मारिया आधी आली आणि मजकूर नंतर उतरवला. इंग्रजीत हंटर म्हटलं की बाई का बुवा ते कळत नाही, पण मराठीत क्रियापदाशी पोचलं की ठरवावंच लागतं, होता का होती. मी ठरवून टाकलं 'होती' आणि पुढे सहा रन तेच पान पुरावा म्हणून सगळ्यांना दाखवत फिरले. दहाव्या नोंदीत ज्यांनी "सॉलिड" म्हणून दाद दिली होती त्यांची माफी मागते.

आता नुकसान किती झालंय ते बघू. साखळी अशी होती: मारिया गेरमनची शिष्या, हे डीएलसीतल्या (गेमच्या नंतर आलेल्या जोडभागातल्या) तिच्या कपड्यांच्या डिस्क्रिप्शनमध्येच लिहिलंय, तिथे शंका नाही. शिकाऱ्याच्या स्वप्नात, म्हणजे आपल्या मुक्कामाच्या जागी, भेटणारी बाहुली तिच्यासारखी दिसते, यातही शंका नाही, चेहरा तोच, आवाजसुद्धा तोच. गेरमनचं वेड, ज्याची मारियाला कल्पना नव्हती, तेही त्याच कपड्यांवर लिहिलंय. मग वर्कशॉपमध्ये बाहुलीचे जपून ठेवलेले कपडे आणि तो छोटा केसातला दागिना, जो बाहुलीला दिला की ती रडते आणि हा आनंद असेल का म्हणून आपल्यालाच विचारते (सात वेळा बघितलंय, सातही वेळा घशात काहीतरी अडकतं). आणि या सगळ्याच्या मध्यभागी हाड. कारण हाड तिचं असेल तर थडगं तिचं, आणि स्वप्नातल्या (तिथेही हेच वर्कशॉप आहे) त्याच बाजूच्या थडग्यापाशी बाहुली कधीकधी गुडघे टेकून बसलेली दिसते, म्हणजे बाहुली स्वतःच्याच थडग्यापुढे बसते. केवढं भारी वाटलं होतं मला ते. नोंद ८ पूर्ण त्यावरच आहे.

हाड काढून घेतलं तर बाहुली आणि मारिया यांचं नातं तसंच राहतं, फक्त थडग्याचं कोडं परत उघडं पडतं. आणि नोंद ८ कचऱ्यात.

दोन दिवस मी ते हाड वाचवायचा प्रयत्न केला, खोटं कशाला बोलू. पहिला बचाव असा की मारिया स्वतः लढताना तशीच सरसर धुक्यासारखी सरकते, म्हणजे क्विकनिंग तिला येतंच. खरंय, पण गेरमनलाही येतं, आणि केनहर्स्टचा तो ब्लडी क्रो नावाचा शिकारी पण तेच करतो, आणि तो काही गेरमनच्या पहिल्या शिष्यांतला असल्याचं कुठे लिहिलेलं नाही. म्हणजे कला येते यावरून हाड कोणाचं ते सिद्ध होत नाही. दुसरा बचाव नावाचा. डिस्क्रिप्शन म्हणतं नाव हरवलंय, आणि मारियाचं नाव तर डीएलसीभर गाजतंय, दारापासून चावीपर्यंत. यावर मी असं म्हणत होते की मूळ गेम मार्च २०१५ चा आणि ओल्ड हंटर्स हे डीएलसी नोव्हेंबर २०१५ चं, तेव्हा हाडाचा मजकूर आला त्यावेळी मारिया हे नाव खेळणाऱ्यांपुढे नव्हतंच, मग हरवलेलं नाव म्हणजे अजून न सांगितलेलं नाव. ऐकायला छान आहे. पण हा बचाव मला स्वतःलाच पटत नाही, कारण हाच नियम लावला तर मूळ गेममधली कुठलीही ओळ डीएलसीकडे वळवता येते, मग थिअरी कशाला म्हणायचं, मन मानेल तसं म्हणा.

तिसरा बचाव मात्र मी अजून सोडलेला नाही. गेम मुळात जपानीत लिहिलेला आहे. जपानीत वाक्यात सर्वनाम नसलं तरी वाक्य अगदी धडधाकट उभं राहतं, शिष्य होता का होती हे न सांगता पुढे जाता येतं. मग इंग्रजी करणाऱ्याची तीच अडचण झाली असणार जी माझी झाली, भाषेने विचारलं कोण, आणि त्याने 'तो' म्हटलं जसं मी 'ती' म्हटलं. मूळ मजकुरात खरंच लिंग नसेल तर तो 'ही' आणि माझी 'होती' दोन्ही सारखेच बिनबुडाचे. माझं हाड त्याने परत मिळणार नाही, पण निदान ते दुसऱ्या कोणाचं पण होणार नाही.

आणि हा विचार डोक्यात शिरल्यापासून दुसरंच सुरू झालंय. गेममधल्या ज्या देवासारख्या जीवाला आपण मून प्रेझेन्स म्हणतो त्याचं जपानी नाव 'त्सुकि नो मामोनो', म्हणजे चंद्राचा राक्षस, चंद्रपिशाच्च, असं काहीतरी. नोंद ५ मध्ये मी 'प्रेझेन्स' या शब्दावर, म्हणजे ते शरीराने येतं का नुसतं असतं यावर, दोन पानं खर्च केली होती. ती दोन पानं अनुवादकाच्या शब्दावर खर्च झाली म्हणायची. ग्रेट वन्सना, म्हणजे असल्या सगळ्या जीवांना, जपानीत जे म्हणतात त्याचा अर्थ साधारण वरच्या पायरीवरचे असा निघतो, त्या मानाने माझ्या वहीतला 'थोरले' हा शब्द बरा बसलाय, तेवढाच दिलासा.

थोडं साधनांबद्दल बोलते कारण राग आलाय. विकी मी आता फक्त आयटम कुठे मिळतो ते बघायला उघडणार. डिस्क्रिप्शनच्या खाली लगेच 'यावरून दिसतं की' सुरू होतं आणि तीन महिन्यांनी कोणीतरी ते वाक्य गेममधलंच म्हणून पुढे पाठवतं. माझ्याकडे कोणा चाहत्याने बनवलेली सगळ्या आयटम मजकुराची शीट आहे, तिच्यात तर थिअरी सरळ मजकुराच्याच रकान्यात चिकटवलेली सापडली, दोन ठिकाणी. अर्थात मी कोणत्या तोंडाने बोलणार, माझी वही पण तशीच निघाली. यापुढे एकच नियम: स्क्रीनशॉट आधी, मराठी नंतर. आणि पीएस४ वर शेअर बटण दाबलं की डिफॉल्टला फक्त मागची १५ मिनिटं सेव्ह होतात हे ज्यांना माहीत नाही त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन वाढवून घ्या. माझं एक महत्त्वाचं संभाषण असंच गेलं, बॉस मारल्याच्या आनंदात इकडेतिकडे भटकत बसले आणि बटण दाबलं तेव्हा रेकॉर्डिंगमध्ये नुसती मी वायल (जीव भरून काढायच्या रक्ताच्या कुप्या) गोळा करताना दिसते.

बरं, आता चांगली बातमी. राकुयो, म्हणजे मारियाची तलवार, घेतली! विहिरीतल्या त्या दोन्ही शार्कवाल्या धिप्पाड माणसांना मारून, पळून न जाता, सातव्या रनमध्ये पहिल्यांदा. आतापर्यंत खाली उतरायचं आणि शिडीकडे धूम ठोकायची हेच चालायचं. यावेळी एकाला मारलं तेव्हा माझ्याकडे दोन वायल उरल्या होत्या आणि दुसऱ्याला मारलं तेव्हा शून्य. पाच मिनिटं कंट्रोलर खाली ठेवून नुसती बसले. आणि मग तलवारीचं डिस्क्रिप्शन परत नीट वाचलं, यावेळी प्रत्येक सर्वनामावर बोट ठेवून. इथे मारियाचं नाव घेऊनच लिहिलंय, एक दिवस तिला सहन होईना आणि तिने ही आवडती तलवार अंधाऱ्या विहिरीत टाकून दिली. आणि विहीर कुठे, तर कोसच्या (समुद्रातून किनाऱ्याला लागलेली ग्रेट वन) मच्छीमार गावात. म्हणजे ती तिथे होती, हे मात्र कोणाच्याही 'होती'वर अवलंबून नाही. गावकऱ्यांच्या कवट्या आतून डोळ्यांसाठी खरवडलेल्या, तो पुजारी बर्गनवर्थच्या विद्यापीठाला आणि त्यांच्या पोरांच्या पोरांना शाप देत बसलेला, आणि तिथेच विहिरीच्या तळाशी तिची तलवार. हाड गेलं तरी विहीर आहे.

मिकोलाश या पळपुट्या बॉसबद्दल दोघांनी विचारलं होतं. नवीन काही नाही, तो अजून पळतोच आहे.

खरं तर ही नोंद इथेच संपणार होती आणि पुढचा बेत होता वर्कशॉपमधल्या नाळेचा, म्हणजे ज्या नाळेमुळे फिकट चंद्राशी गाठ पडली आणि शिकाऱ्याचं स्वप्न जन्मलं ती नाळ कोसच्या बाळाची का, यावर बसायचं. त्या थिअरीवरचा मोठा आक्षेप तुम्हाला माहीत आहेच, ते पोर दुःस्वप्नात, म्हणजे डीएलसी घडतं तिथे, स्वतःची वारच (प्लॅसेंटा) फिरवून मारतं मग नाळ वर्कशॉपात कशी पोचली वगैरे. पण वर लिहिता लिहिता मी बाहुलीची वाक्यं परत काढून बसले आणि बेत बदलला.

मारियाला मारलं, कोसच्या गावात पाऊल न टाकता दिव्यावरून लगेच स्वप्नात परत आले आणि बाहुलीशी बोलले. ती म्हणते की मी बदलले आहे का काही, मघाशी आत खोल कुठेतरी जड शॅकल्समधून, बेड्यांमधून, सुटल्यासारखं वाटलं. हे सगळ्यांना माहीत आहे, मारिया-बाहुली थिअरीचा हा पायाच आहे. आता दुसरी ओळ. अनाथाला, म्हणजे कोसच्या त्या पोराला, मारून, मग कोसच्या कलेवराशेजारची ती काळी सावली मारून परत आलं की बाहुली सांगते गेरमन आज शांत झोपलाय, एरवी तळमळतो, कशाने तरी त्याचं दुःख हलकं झालं असावं. हे पण माहीत आहे. पण तिसरी ओळ गेरमनचीच आहे, त्याच्या झोपेतली. तो जुन्या साथीदाराला, लॉरेन्सला, हाक मारतो, गुरू विलेमला हाक मारतो, हे स्वप्न आता पुरे म्हणतो, आणि काय मागतो? अनशॅकल मी. माझ्या बेड्या काढा कोणीतरी.

शॅकल्स. तोच शब्द!

आतापर्यंत मी असं धरून चालले होते की बाहुलीच्या बेड्या म्हणजे मारिया, ती दुःस्वप्नात अडकलेली म्हणून ही इथे जड. पण बेड्या एकाच घरातल्या दोघांच्या पायात असतील तर? स्वप्नात गेरमन अडकलाय आणि बाहुलीही अडकली आहे, आणि डीएलसीत आपण एकेक करून दोघांचं ओझं उतरवतो, आधी घड्याळाच्या मनोऱ्यात तिचं, मग समुद्रकिनाऱ्यावर त्याचं. हा क्रम बदलताच येत नाही, कारण मारियाकडून सेलेस्टियल डायल मिळाल्याशिवाय गावाचा रस्ता उघडत नाही. म्हणजे बाहुली कायम आधी सुटते आणि गेरमन नंतर शांत होतो. आणि दोन्ही गाठी त्या एकाच गावाशी जाऊन पोचतात, तिने तलवार टाकली ते गाव आणि ज्या बाळामुळे याची झोप उडालीये ते गाव. हाडाची काही गरजच नाही याच्यात!

इतकं लिहून झाल्यावर चहा ठेवला आणि चहा उकळेपर्यंत लक्षात आलं की मी परत तेच करतेय. शॅकल्स हा शब्द इंग्रजीतला आहे. मूळ जपानीत बाहुली एक शब्द वापरत असेल आणि गेरमन दुसराच, आणि अनुवादकाला दोन्ही ठिकाणी शॅकल आवडला असेल. पाच पानं खर्च करायच्या आधी हे तपासायला हवं. सर्वनामाने एकदा घात केला, नामाने दुसऱ्यांदा नको.

म्हणून नाळेचा बेत पुढे ढकलला. वहीच्या हाडाच्या पानावर मी 'ती' खोडून 'ते' लिहिलंय, हाड नपुंसकलिंगी आहे, तिथे तरी भांडण नाही. ज्यांच्याकडे जपानी कॉपी आहे त्यांनी तीन स्क्रीनशॉट पाठवा: हाडाचं डिस्क्रिप्शन, मारिया मेल्यावर लगेच बाहुलीचं वाक्य, आणि गेरमनचं झोपेतलं बोलणं, जे ऐकायला तो वर्कशॉपच्या मागे बागेत झोपलेला असताना जावं लागतं. भाषांतर करून पाठवू नका. नुसता मजकूर पाठवा.