माझं लिखाण आधी तोंडातून निघतं

मी कॉलेजात मराठी शिकवते, जळगावपासून तासाभरावर, आणि सुरुवातीची चार वर्षं पेपर लिहायचा म्हटलं की पोटात गोळा यायचा. दार लावून लॅपटॉपपुढे बसायचं, पहिल्या पानावर दोन-तीन परदेशी विचारवंत आणून बसवायचे आणि मग त्यांच्यामागे आपली बोली कशीबशी उभी करायची. एका जर्नलकडून पेपर परत आला, रिव्ह्यूअरने लिहिलं होतं की शेतातून जमवलेली उदाहरणं उत्तम, बाकीचं उसनं वाटतं. दोन दिवस घास गोड लागला नाही. पण खरं सांगते, तो बरोबर होता.

त्याच दिवाळीच्या आधी यावलला मामांकडे गेले, केळीच्या कांदेबागेची लागवड चालू होती (जून-जुलैत लावतात ती मृगबाग, ऑक्टोबरच्या आसपासची ती कांदेबाग). शेजारच्या जुन्या बागेत एक केळ नुकतीच निसवलेली, शेंड्यातून जांभळट लाल कमळ, म्हणजे केळफूल, बाहेर येऊन खाली वाकलेलं, पहिल्या फणीवरचं पान अजून गळायचं होतं. मामा म्हणाले, "आता हिचं पाणी तोडलं तं घड बारीक राहीन बापा." मी मोबाईलचं रेकॉर्डिंग चालूच ठेवलं आणि मामा पुढे गेल्यावर मी स्वतःच बोलत सुटले, निसवणे हे क्रियापद भातालाही लावतात, मग केळीला ते कसं बसतं, कमळ म्हणायचं कधी आणि घड म्हणायचं कधी, असं वीस मिनिटं. मामी लांबून ओरडली, "काय बोलून राह्यली व माय त्या मोबाईलले?"

रात्री ते ऐकून टाईप केलं तर तीन पानं झाली आणि एक वाक्य उसनं नव्हतं!

तेव्हापासून मी असंच लिहिते. आधी चालत बोलायचं, मग टाईप करायचं, थिअरी लागली तर शेवटी आणि लागेल तेवढीच. आणि लांब पेपरपेक्षा कोशातल्या नोंदी मला जास्त जमतात, एक शब्द, त्याचा वापर, तो कुठल्या गावात कसा बदलतो, तर मी तेच जास्त करते. धुळ्यातला माझा एक मित्र अगदी उलटा. राजवाडे संशोधन मंडळात मोडी कागद घेऊन सहा-सहा तास हलत नाही, त्याला बोलायला लावलं तर दोन मिनिटांत गप्प. त्याने टिपांसकट कागद संपादित करावेत, माझ्यासारखं बोलत फिरू नये.

लोक म्हणतात आधी बढतीचे पॉइंट बघ, मान्यताप्राप्त जर्नलांची लिस्ट बघ. पण यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनी पीएचडीच्या थिसिसआधी पेपर छापायची सक्ती काढली, २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांनी ती जर्नलांची केअर लिस्टच बंद केली, म्हणजे ज्या यादीसाठी आम्ही झोपा घालवल्या ती यादीच राहिली नाही. त्या चार वर्षांचं मला आजही वाईट वाटतं.

आमच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, घरोट्यावर (जात्यावर), शेतात त्या ओव्या म्हणायच्या आणि त्यांचा मुलगा सोपानदेव उतरवून घ्यायचे. पदवीच्या कागदावर ते नाव बघते तेव्हा मोबाईलमध्ये बोलताना वाटणारी लाज निघून जाते.

सध्या पिलबाग, म्हणजे जुन्या केळीच्या पिलांवर धरलेली बाग, या शब्दाची नोंद चालू आहे. मामांनी रविवारी बोलावलंय, रेकॉर्डर चार्जिंगला लावलाय.