धर्माची गाय आणि तिचे दात

अण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन एका धर्मादाय रुग्णालयात झालं, एक पैसाही न घेता. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला दाखवला आणि निर्धन रुग्णांसाठी राखलेल्या १० टक्के खाटांपैकी एक मिळाली. रात्री त्यांना हुडहुडी भरली, म्हणून वॉर्डातल्या मावशींनी पायांशी गरम पाण्याची पिशवी ठेवली. मायेनंच ठेवली असणार. पण मणक्यात दिलेल्या भुलीमुळे अण्णांना कमरेखालचं काही कळत नव्हतं. पहाटे सिस्टरनी चादर बाजूला केली, तर दोन्ही पोटऱ्यांवर फोड. पुढे उजव्या पायावर त्वचारोपण करावं लागलं, तेही दुसरीकडे, कर्ज काढून.

विश्वस्तांना भेटलो. चहा मिळाला आणि एक वाक्य मिळालं : "फुकट उपचार केले, वर भरपाई मागता? तो पैसा गरिबांच्या खाटांचाच ना?" घरी आत्या म्हणाली, "धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं झालं हे." खरं सांगतो, मलाही तसंच वाटत होतं. चार महिने मी गप्प बसलो.

ओळखीतल्या वकीलबाईंनी डोळे उघडले. दोनच प्रश्न विचारले : तिथे पैसे भरणारे पेशंट असतात का? आणि घटनेला दोन वर्षं झालीत का? सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये व्ही. पी. शांता प्रकरणात ठरवून दिलंय, की जिथे सगळ्यांनाच फुकट सेवा मिळते ते रुग्णालय ग्राहक कायद्याबाहेर. पण काहींकडून पैसे घेत असतील, तर तिथला फुकटचा पेशंटही ग्राहकच. आणि महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना पेशंटांच्या बिलांतले २ टक्के निर्धन रुग्ण निधीत टाकावे लागतात, अण्णांचा खर्च त्यातूनच भागायचा. म्हणजे ज्याला आम्ही उपकार समजत होतो, तो बराचसा नियम होता.

अण्णा अडून बसले ते वेगळ्याच कारणानं. "त्या बाईची नोकरी जाईल. मला नको ते पैसे." वकीलबाई म्हणाल्या, मावशींचं नाव घालायची गरजच नाही. माणसं रुग्णालयानं नेमलेली, त्यांच्या चुकीला उत्तर रुग्णालयानं द्यायचं. ते ऐकल्यावर अण्णांनी शपथपत्रावर सही केली.

कागद गोळा करताना मात्र दमछाक झाली. केस पेपर मागितल्यापासून ७२ तासांत द्यायचे असतात. मला पाच खेटे पडले. तोंडी मागू नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, माझ्या पहिल्या तीन खेपा तोंडी मागण्यातच वाया गेल्या. सिस्टरच्या नोंदीत पहाटेचे फोड स्वच्छ लिहिलेले होते, सगळी केस त्या दीड ओळीवर उभी राहिली. विश्वस्तांची नावं धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीतून काढली. जिल्हा ग्राहक आयोगात फी शून्य, कारण तिथे फी भरपाईच्या आकड्यावर नाही, तर सेवेसाठी मोजलेल्या पैशांवर ठरते, आणि आम्ही तर काहीच मोजलं नव्हतं! फुकटपणाचा तेवढा एक फायदा.

रुग्णालयाच्या लेखी जबाबात पुन्हा तेच : आम्ही सेवाभावी संस्था, नफा नाही. पण त्याच जबाबात विमा कंपनीलाही सामील करा, अशी मागणी होती. म्हणजे अशा चुकांसाठी विमा उतरवलेला होता. गरिबांच्या खाटा मोडून आम्हाला पैसे द्यावे लागणार, हे मी महिनोन्‌महिने उगाच मनाला लावून घेतलं होतं. त्या चहाच्या वेळी विम्याचा शब्दही कुणी काढला नव्हता, याचा राग मला अजून आहे.

दोन वर्षांनी निकाल लागला. त्वचारोपणाचा खर्च आणि त्रासाबद्दल थोडी रक्कम, मागितलं होतं त्याच्या निम्म्याहून कमी. त्यांनी राज्य आयोगात अपील केलंय. त्यासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते, ती त्यांनी भरली आहे. पुढच्या तारखेला अण्णांना यायचंय. मी म्हटलं, तुमची गरज नाही. "त्या मावशी अजून तिथेच आहेत का, तेवढं विचारून येतो," म्हणाले.