दहावीचे टक्के आणि पडताळणीचा एक दिवस

ग्रामीण डाक सेवकांच्या, म्हणजे गावोगावच्या शाखा डाकघरांत काम करणाऱ्यांच्या, भरतीसाठी लेखी परीक्षा नसते आणि मुलाखतही नसते. उमेदवाराने दहावीला मिळवलेले गुण ऑनलाइन अर्जात भरायचे, संगणकाने त्यांची टक्केवारी दशांश चिन्हापुढे चार स्थळांपर्यंत काढायची आणि त्या आकड्यांच्या उतरत्या क्रमाने निवड यादी तयार करायची, अशी ही पद्धत आहे. वयाची अट १८ ते ४० वर्षे असून राखीव प्रवर्गांना त्यात सवलत मिळते. दहावीला गणित आणि इंग्रजी हे विषय उत्तीर्ण असावे लागतात, स्थानिक भाषा दहावीपर्यंत शिकलेली असावी लागते, संगणकाचे प्राथमिक ज्ञान आणि सायकल किंवा दुचाकी चालवता येणे अपेक्षित असते. बारावी, पदवी, पदव्युत्तर शिक्षण यांपैकी कशालाही इथे जादा वजन नाही. दोघांची टक्केवारी चौथ्या स्थळापर्यंत सारखी आली, तर ज्याचे वय जास्त त्याला आधी संधी मिळते.

मी टपाल खात्याच्या एका विभागीय कार्यालयात काम करते. यादी जाहीर झाली की आमच्या विभागातील निवडलेले उमेदवार मूळ कागदपत्रे आणि स्वसाक्षांकित प्रतींचे संच घेऊन ठरलेल्या मुदतीत आमच्याकडे येतात. माझ्या टेबलावर त्या दिवसांत गुणपत्रिकांचा ढीग असतो. एखाद्या माणसाचे सोळाव्या वर्षाचे टक्के त्याच्या विसाव्या किंवा अडतिसाव्या वर्षी इतक्या बारकाईने वाचण्याची वेळ फार थोड्या लोकांवर येत असेल. ज्या दिवसाबद्दल मी लिहिते आहे, त्या दिवशी भरतीची नंतरची एक यादी लागलेली होती. पहिल्या याद्यांमधील बरेच उमेदवार रुजूच होत नाहीत. कोणी अभियांत्रिकीला गेलेले असतात, कोणाला गाव दूर वाटते, कोणाला दहा-बारा हजारांपासून सुरू होणारा मोबदला पटत नाही. त्यांच्या रिकाम्या जागांवर पुढच्या याद्या निघतात आणि त्यांत कधी कधी अगदी वेगळ्या पिढीची माणसे दिसू लागतात.

सकाळी पहिल्या काही उमेदवारांमध्ये सदतीस वर्षांची एक स्त्री होती. तिची गुणपत्रिका मार्च २००३ची होती, म्हणजे एकूण ७५० गुणांच्या काळातली. तिला ६७१ गुण होते. संगणकाने त्यांचे ८९.४६६७ टक्के केले होते. आज हा आकडा वाचून कोणी थांबणार नाही. परंतु ज्या काळात मंडळ गुणवत्ता यादी जाहीर करीत असे आणि गावातल्या शाळेत प्रथम श्रेणी मिळाली तरी पेढे वाटले जात, त्या काळातले हे गुण होते. मी सहज विचारले, तेव्हा ती म्हणाली, “शाळेत पहिली आले होते मॅडम. कॉलेज तालुक्याला होतं, एसटी दोनच. अकरावीत नाव घातलं, पण बारावीच्या आधी लग्न झालं.” त्यानंतर ती शेतात राबली, काही वर्षे गावातल्या एका दुकानाचे हिशेब लिहिले, मुलांचा अभ्यास घेतला. वीस वर्षांहून अधिक काळ तिची गुणपत्रिका कोणी मागितली नव्हती.

तिच्या कागदपत्रांत एक अडचण दिसत होती आणि ती विवाहित स्त्रियांच्या बाबतीत नेहमीच दिसते. आधार कार्डावर सासरचे नाव होते. गुणपत्रिका आणि जातीचा दाखला माहेरच्या नावाने होता, कारण जात जन्माने ठरते आणि दाखला वडिलांच्या कागदपत्रांवरून मिळतो. अर्जही तिने नियमाप्रमाणे दहावीच्या प्रमाणपत्रावरील नावानेच भरला होता. नावातील बदलाचे राजपत्र आणि विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र तिने आधीच काढून आणले होते, त्यामुळे पुढचे काम सोपे झाले. नोंदवहीत तिचे नाव लिहिताना मी ते मोठ्याने वाचून दाखवले. तेव्हा ती म्हणाली, “या नावानं मला आता गावात कोणी ओळखत नाही.” खात्याच्या नोंदीत मात्र ती त्याच नावाने आली. तिच्या वाट्याला आलेल्या आयुष्यात तिच्या स्वतःच्या मालकीचे म्हणावे असे हे गुणच उरले होते, आणि सुदैवाने त्यांना मुदत नव्हती. तिला स्पर्धा परीक्षेला बसायला सांगितले असते, तर अभ्यासासाठी वेळ आणि पुस्तके कुठून आणली असती, हा प्रश्न मला पडतो. ज्या पद्धतीवर मी पुढे आक्षेप घेणार आहे, त्याच पद्धतीने हिला दार उघडून दिले, हे आधी नोंदवून ठेवले पाहिजे.

दुपारी दोन भाऊ आले. निवड धाकट्याची झाली होती आणि थोरला त्याच्यासोबत आला होता. फाइल थोरल्याच्या हातात होती, प्रती त्यानेच लावलेल्या होत्या, कोणत्या कागदानंतर कोणता द्यायचा हेही तोच सांगत होता. धाकट्याची गुणपत्रिका २०२१ची, ९५.६० टक्क्यांची होती. मी थोरल्याला विचारले, “तुम्ही अर्ज केला नव्हता का?” त्याने केला होता. त्याची दहावी २०१९ची आणि टक्के ८४.२०. आपले नाव येणार नाही हे त्याला माहीत होते, तरी त्याने अर्ज भरला होता. धाकटा मध्येच म्हणाला, “मॅडम, घरात हुशार हाच. मला गणित यानंच शिकवलं.” हे त्याने भिडेखातर म्हटलेले नव्हते; त्याला खरोखर अवघडल्यासारखे झाले होते.

या दोन वर्षांत राज्यात काय घडले होते, हे ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगते. २०१८मध्ये दहावीचा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा विषयांचे वीस गुणांचे अंतर्गत मूल्यमापन बंद करून पूर्ण शंभर गुणांची लेखी परीक्षा घेण्यात आली, अभ्यासक्रमही नवा होता, आणि निकाल एकदम ७७.१० टक्क्यांवर आला. त्यावर मोठी ओरड झाली, अंतर्गत गुण परत आले आणि २०२०मध्ये निकाल ९५.३० टक्के लागला. म्हणजे २०१९च्या मुलांनी जी परीक्षा दिली, ती तशी त्यांच्या लगेच आधीच्या मुलांनी दिली नव्हती आणि नंतरच्यांनीही दिली नाही. मग २०२१मध्ये करोनामुळे परीक्षाच रद्द झाली. नववीच्या निकालाचे ५० गुण, दहावीच्या वर्षभरातील लेखी मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी, प्रात्यक्षिक वगैरेंचे २० अशा सूत्राने शाळांनी गुण दिले, आणि राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. धाकटा त्या वर्षीचा होता.

थोरल्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची होती. २०२१मध्ये तो बारावीला होता आणि बारावीची परीक्षाही त्या वर्षी रद्द झाली. बारावीच्या निकालासाठी जे सूत्र ठरले, त्यात दहावीच्या सर्वाधिक गुण असलेल्या तीन विषयांच्या सरासरीला ३० टक्के, अकरावीला ३० टक्के आणि बारावीच्या वर्षभरातील मूल्यमापनाला ४० टक्के वजन होते. ज्या वर्षी गुण सर्वांत हातचे राखून मिळाले, त्याच वर्षीचे गुण दोन वर्षांनी त्याच्या बारावीतही मिसळले गेले. एकाच घरात, एकाच उन्हाळ्यात, दोघांच्याही परीक्षा झाल्या नाहीत. त्यातून एकाचे टक्के वर गेले आणि दुसऱ्याला जुनेच टक्के पुन्हा वाहावे लागले. पुढे त्याने पदवी घेतली. एका खासगी कंपनीच्या भरतीत दहावी, बारावी आणि पदवी या तिन्हींत ठरावीक टक्के असण्याची अट होती आणि तिथेही बारावीच्या आकड्याने त्याला थोडक्यात मागे ठेवले, असे त्याने सांगितले.

मग त्याने मला विचारले, “मॅडम, दहावी पुन्हा देता येते का?” पदवीधर मुलाने विचारलेला हा प्रश्न मी त्याआधी ऐकला नव्हता. मंडळाची श्रेणीसुधार योजना आहे, पण ती निकालानंतरच्या लगतच्या मोजक्याच परीक्षांपुरती असते. त्याची ती मुदत कधीच संपली होती आणि ती चालू असताना, चौऱ्याऐंशी टक्के मिळालेल्या मुलाने पुन्हा परीक्षेला बसावे असे त्याच्या शाळेत किंवा घरात कोणाला सुचणे शक्यही नव्हते. तेव्हा ते चांगलेच गुण होते. मी त्याला जे खरे ते सांगितले. तो नुसता “बरं” म्हणाला आणि धाकट्याच्या वैद्यकीय प्रमाणपत्राविषयी विचारू लागला, कारण ते सरकारी दवाखान्यातलेच लागते आणि त्यांनी ते अजून काढलेले नव्हते.

त्या दिवशी संध्याकाळी नोंदवही पूर्ण करताना २००३, २०१९ आणि २०२१ ही तीन वर्षे माझ्या मनात एकाखाली एक मांडली गेली. वेगवेगळ्या मापांनी मोजलेले धान्य एकाच पोत्यात ओतून त्याची प्रत ठरवावी, तसे हे चालले आहे, असे मला वाटते. २००३चे ८९ आणि २०२१चे ८९ हे वेगळे आकडे आहेत. मंडळे बदलली की फरक आणखी वाढतो. ज्या वर्षांत काही मंडळांनी गुणांऐवजी श्रेणी दिल्या, त्या वर्षांच्या उमेदवारांच्या श्रेणीगुणांना ९.५ने गुणून टक्के काढले जातात, आणि त्यामुळे दहापैकी दहा मिळवलेल्या मुलालाही ९५च्या पुढे जाता येत नाही. असे असताना आपण चौथ्या दशांश स्थळापर्यंत गणित करतो, आणि त्या चार स्थळांमुळे सगळा व्यवहार अचूक वाटू लागतो.

नियम करणाऱ्यांची बाजू मला कळत नाही असे नाही. हजारो शाखा डाकघरांसाठी देशभरातून लाखो अर्ज येतात, परीक्षा घ्यायची तर तिचा खर्च, वेळ आणि पेपरफुटीचा धोका आलाच. मुलाखत नको, कारण तिथे ओळखीपाळखीला वाव मिळतो. दहावीचे गुण सगळ्यांकडे असतात आणि ते बदलता येत नाहीत. बनावट गुणपत्रिका आणणारे निघतात, पण गुणपत्रिका मंडळाकडून तपासून घेता येते आणि तशी ती घेतलीही जाते. तरीही यावर उपाय नाही, हे मला मान्य नाही. ज्या वर्षी आणि ज्या मंडळातून मुलगा उत्तीर्ण झाला, त्या वर्षीच्या त्याच मंडळाच्या सर्व मुलांमध्ये तो कितव्या शतमान स्थानावर (पर्सेंटाइलवर) होता, म्हणजे शंभरातल्या किती मुलांच्या पुढे होता, हे काढून त्या स्थानांची तुलना करता येईल. २०१३ ते २०१६ या काळात अभियांत्रिकी प्रवेशाच्या जेईई मुख्य परीक्षेत बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होते, आणि निरनिराळ्या मंडळांचे गुण याच शतमान पद्धतीने समान पातळीवर आणले जात. त्या पद्धतीतही वाद झाले, २०१७पासून ते वजन काढूनही टाकले गेले, पण अशी तुलना करता येते हे त्यातून दिसले आहे. अशी पद्धत असती, तर २००३च्या त्या मुलीला नंतरच्या यादीची वाट पाहावी लागली नसती, असे मला प्रामाणिकपणे वाटते, आणि थोरल्याचे नाव निदान धाकट्याच्या जवळपास आले असते.

मी हे सगळे एका टिपणात लिहून वरिष्ठांकडे दिले. त्यांनी ते वाचले, धोरण दिल्लीत ठरते असे सांगितले, आणि ते खरेच आहे.

सकाळची ती स्त्री आणि धाकटा भाऊ, या दोघांच्याही गुणपत्रिका खऱ्या असल्याचे मंडळाकडून कळून आले. धाकटा सहायक शाखा डाकपाल म्हणून रुजू झाला. थोरल्याला मी निघताना कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांची माहिती दिली होती. तिथल्या बहुउद्देशीय कर्मचारी पदांसाठी दहावी उत्तीर्ण असणे ही केवळ पात्रता आहे आणि पुढची निवड परीक्षेतल्या कामगिरीवर होते. तो आता त्याची तयारी करतो आहे, असे धाकट्याने मासिक बैठकीला आला असताना सांगितले. वय त्याच्या बाजूने आहे, परंतु चार वर्षे ज्या आकड्याने मागे ठेवले, त्या वर्षांची भरपाई कोणत्याही परीक्षेत होत नाही.

ती स्त्री शाखा डाकपाल झाली. नियमाप्रमाणे शाखेच्या गावातच राहावे लागते आणि कार्यालयासाठी गावात मध्यवर्ती जागाही स्वतः द्यावी लागते. तिने सासऱ्यांच्या घराची पुढची खोली दिली. सुकन्या समृद्धीची खाती, आवर्ती ठेवी, हातातल्या यंत्रावरून पैसे देणे-घेणे हे तिने प्रशिक्षणात पटकन उचलले, आणि तिच्या शाखेचा रोजचा हिशेब आमच्याकडे सहसा चुकीशिवाय येतो. गेल्या तपासणीच्या वेळी तिने मला खात्यांतर्गत परीक्षेचा अभ्यासक्रम मागितला. ठरावीक सेवा पूर्ण झाल्यावर डाक सेवकांना त्या परीक्षेतून पोस्टमन आणि पुढच्या पदांकडे जाता येते. “त्यात दहावीचे गुण धरतात का?” असे तिने विचारले. धरत नाहीत, म्हणून मी सांगितले. तिथे ती आणि तिच्यापेक्षा सतरा-अठरा वर्षांनी लहान असलेले सहकारी एकाच दिवशी एकच प्रश्नपत्रिका सोडवतील.